काय हलवायचं, काय गावीच ठेवायचं

नवी मुंबईच्या घणसोली गावात, कोपरखैरण्यात, दिघ्यात किंवा ठाण्याच्या किसननगरात दहा बाय बाराची खोली एका दिवसात मिळते. त्या खोलीचा पत्ता माणसाला चिकटायला मात्र दोन-तीन वर्षं जातात, आणि कित्येकांना तो कधीच चिकटत नाही. माणूस इथे राबतो, इथे पाणी भरतो, इथे आजारी पडतो. त्याचे कागद जालन्याला, साताऱ्याला, कलबुर्गीला नाहीतर आझमगडला पेटीत असतात. मग शाळेत दाखला मागितला की अडतं, रेशन दुकानात अडतं, बँकेत अडतं. घाईघाईने सगळेच कागद इकडे आणायला गेलं, तर हातात होतं तेही जातं.

शहरात येणाऱ्यांविषयी आपल्याकडे वाद भरपूर होतो. पण आलेल्या माणसाने कुठला कागद आधी हलवायचा, कुठला नंतर आणि कुठला मुळीच हलवायचा नाही, हे त्याला नीट सांगणारं कुणी भेटत नाही. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

सुरुवात भाडेकरारापासून करा, कारण पुढचं जवळपास सगळं त्यावर उभं राहतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ‘अकरा महिन्यांचा करार असला की रजिस्टर करावा लागत नाही’ हे वाक्य एजंटांपासून शिकल्यासवरल्या माणसांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतं. महाराष्ट्रात ते चूक आहे. करार अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा, नोंदवायलाच लागतो. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. असा कागद आधार केंद्रावर गेला की परत येतो, आणि एजंटाला दिलेले पैसे वाया जातात.

मालक नाही म्हणतो, त्याचं कारण बहुतेक वेळा भीती हेच असतं: रजिस्टर केलं तर भाडेकरू डोक्यावर बसेल. कायदा नेमका उलट आहे. नोंदणी केली नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. नोंदवलेला करार हातात असेल, तर मुदत संपल्यावर खोली न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. म्हणजे नोंदणीचा जास्त फायदा मालकालाच. हे शांतपणे, चहा पिता पिता समजावलं तर बरेचसे मालक तयार होतात. भांडून सांगितलं की खोलीच हातची जाते.

खर्चाचा हिशेब स्वतः करता आला पाहिजे. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के असतं. समजा भाडं १२,००० रुपये, डिपॉझिट ५०,००० आणि मुदत ११ महिने. भाडं झालं १,३२,०००. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ते ११ महिन्यांचं साडेचार हजारांच्या आसपास. बेरीज १,३६,५०० च्या पुढे, आणि तिचं पाव टक्का म्हणजे साधारण साडेतीनशे रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० रुपये. ऑनलाइन नोंदणीत दस्त हाताळणीचं थोडं शुल्क वेगळं. याच्या वर जे मागितलं जातं ती एजंटाची मजुरी. घरी येऊन अंगठे घेतो, फोटो काढतो, सरकारी साइटशी झुंजतो, त्याचे पैसे त्याने घ्यावेत. पण शुल्काच्या सरकारी पावत्या वेगळ्या मागून घ्या, आणि काम झाल्यावर करारासोबत इंडेक्स २ ची, म्हणजे नोंदणीच्या सरकारी गोषवाऱ्याची, प्रतही घ्या. खर्च कोण करणार ते अंगठा लावण्याआधी बोलून घ्या. निम्मा-निम्मा करायची रीत बऱ्याच ठिकाणी आहे.

नवी मुंबईच्या गावठाणांत एक वेगळी गाठ असते. १९७० मध्ये सिडको, म्हणजे हे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, आली आणि ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या. शेती गेली, मिठागरं गेली, हातात उरली राहत्या घराची जागा. आगरी-कोळी कुटुंबांनी त्याच जागेवर मजले चढवले. यांनाच इथे ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. बाहेरून येणाऱ्या कामगाराला परवडणारी खोली मिळते ती बहुतेक अशाच घरात. ज्याची जमीन गेली तो आणि ज्याचं गाव सुटलं तो, दोघं एका जिन्यावर राहतात. या नात्याविषयी शहर फारसं बोलत नाही, पण नवी मुंबई चालते ती बरीचशी याच जिन्यांवर.

अशा घराला सेक्टर नसतो, भूखंड क्रमांक नसतो, कधी इमारतीला नावही नसतं. एजंट मग ‘मारुती मंदिराच्या मागे, घणसोली’ असं टाकून मोकळा होतो. पुढे आधारवर एक पत्ता, बँकेत दुसरा आणि शाळेत तिसरा असा गोंधळ होतो. करार करताना मालकाकडून दोन कागद मागा: महापालिकेचं मालमत्ता कराचं बिल आणि महावितरणचं लाइटबिल. कराच्या बिलावरचा घर क्रमांक जसाच्या तसा करारात घ्या, त्यापुढे खोली क्रमांक, मजला, गावाचं नाव आणि पिनकोड. घणसोली ४००७०१, कोपरखैरणे ४००७०९, ऐरोली ४००७०८. जिल्हा नीट लिहा, कारण इथे चूक फार होते. बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहे. त्याच्या शेजारचं खारघर रायगडमध्ये. दोन्हीकडे लोक ‘नवी मुंबई’च सांगतात आणि अर्जात जिल्हा उलटा पडतो. करार नोंदवल्याने अनधिकृत बांधकाम अधिकृत होत नाही, तो प्रश्न वेगळा आहे आणि तो भाडेकरूच्या माथी मारायचं कारण नाही.

खोलीत पाऊल ठेवता ठेवता सबमीटरच्या आकड्याचा फोटो तारखेसह काढून मालकाला पाठवा. सोडताना होणारी निम्मी भांडणं त्या एका फोटोने मिटतात. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्याचं काम मालकाचं. ती दिल्याची पोच मागून ठेवा. आणि सोसायटीतला फ्लॅट असेल तर एवढं लक्षात असू द्या: भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. शासनाचा २००१ चा आदेश आहे. तरीही मनमानी आकडे लावणाऱ्या कमिट्या आजही आहेत, आणि तो बोजा शेवटी भाड्यातून नव्या माणसावरच येतो. तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकाकडे करायची असते, पण ती मालकाने करायची.

करार झाला की आधारचा पत्ता. ज्याच्या नावावर करार आहे त्याचा आधी बदलायचा. तो बदलून आला की बायको-मुलांसाठी कुटुंबप्रमुखाच्या आधारे पत्ता बदलण्याची ऑनलाइन सोय आहे. अर्ज टाकला की कुटुंबप्रमुखाच्या खात्यावर विनंती येते आणि ती ३० दिवसांत मंजूर करायची असते. बरेच अर्ज इथेच मरतात. नंबर जुना, ओटीपी येत नाही, तीस दिवस निघून जातात. त्यामुळे पत्त्याच्याही आधी मोबाइल नंबर ताजा करून घ्या. नात्याचा पुरावा म्हणून गावचं रेशनकार्ड चालतं. बँकेत मात्र पत्त्यासाठी महिनोन्‌महिने थांबायची गरज नाही. आधारवर गावचा पत्ता असला तरी सध्याचा पत्ता स्वयंघोषणेने देता येतो. काउंटरवर नाही म्हणाले तर शाखाधिकाऱ्याला भेटा.

आता रेशनकार्ड. हे हलवायचं नाही.

इथे सगळ्यात जास्त नुकसान होताना दिसतं. कुणीतरी सांगतं, ‘गावचं कार्ड इथे चालणार नाही, नाव कमी करून आण, इथे नवीन काढू.’ माणूस हजेरी बुडवून गावी जातो, तहसीलमधून नाव कमी केल्याचा दाखला आणतो, इथल्या शिधावाटप कार्यालयात अर्ज करतो. कार्ड मिळतं, पण त्यावर धान्य मिळत नाही. कारण असं: अन्नसुरक्षा कायदा २०१३ खाली किती लोकांना धान्य द्यायचं याचा राज्याचा आकडा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे, महाराष्ट्रासाठी सुमारे सात कोटी. हा इष्टांक भरलेला असतो. नवीन नाव आत जायला जुनं कुणीतरी बाहेर पडावं लागतं. वर उत्पन्नाची अट: प्राधान्य कुटुंबासाठी शहरी भागात वर्षाला ५९,००० रुपयांची मर्यादा आहे. महिन्याचे पाच हजारही होत नाहीत. शहरात खोली घेऊन राहणाऱ्या कुणाची कमाई त्यात बसणार? म्हणजे गावी चालू असलेलं धान्य हातचं जातं आणि इथे नुसतं केशरी पुस्तक राहतं.

गावचं कार्ड इथे चालतं. एक देश एक रेशनकार्ड योजनेत महाराष्ट्र २०१९ पासून आहे आणि २०२२ पर्यंत सगळी राज्यं त्यात आली. सोलापूरचं कार्ड तुर्भ्यात चालतं, बिहारचंही चालतं. नवा अर्ज नाही, इथल्या पत्त्याचा पुरावा नाही. रेशनकार्डचा किंवा आधारचा नंबर सांगायचा आणि ई-पॉस यंत्रावर अंगठा लावायचा. अट एकच: कार्ड अन्नसुरक्षेतलं हवं, म्हणजे प्राधान्य कुटुंब किंवा अंत्योदय. प्राधान्यला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. घर दोन ठिकाणी विभागलेलं असेल तर धान्यही विभागून उचलता येतं. पाच माणसांच्या कार्डावर २५ किलो. दोघं ठाण्यात असतील तर १० किलो इथे घ्या, १५ गावी घेऊ द्या. गावच्या घरी फोन करून ठरवा, नाहीतर एका टोकाने सगळं उचललं की दुसऱ्या टोकाला यंत्र शून्य दाखवतं आणि दुकानदारावर विनाकारण संशय जातो. राज्याने आपल्या पदरची साखर किंवा सणाचा शिधा दिला असेल, तर तो बाहेरच्या राज्याच्या कार्डावर मिळत नाही. ते विचारून भांडू नका.

नकार मिळाला तर कारण नेमकं काय ते विचारा. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली असेल तर ती इथल्या दुकानातही होते का ते आधी बघा, गावची एसटी पकडायची घाई करू नका. आधार जोडलेलं नसेल तर मात्र गावच्या कार्यालयातूनच जोडून घ्यावं लागतं. ‘माल नाही’ हे उत्तर महिनाअखेरीला खरंही असू शकतं, कारण दुकानाला कोटा आपल्या कार्डांच्या हिशेबाने येतो. पहिल्या पंधरवड्यात गेलेलं बरं. ‘बाहेरचं कार्ड घेत नाही’ हे उत्तर मात्र चूक आहे. दुकानाचा क्रमांक लिहून घ्या आणि १४४४५ वर तक्रार करा.

उरतो अंगठा. गवंड्याचा हात जवळून पाहिला तर कळतं. सिमेंटमधल्या चुन्याने बोटांच्या रेषा खाल्लेल्या असतात, अंगठ्याच्या पेरावर नुसती गुळगुळीत, भेगाळलेली कातडी. यंत्र तीनदा लाल होतं, मागची रांग कुजबुजायला लागते आणि माणूस पिशवी गुंडाळून निघून जातो. त्याचा हक्क त्या रांगेत बुडतो. अशा माणसाने आदल्या रात्री हात कोमट पाण्याने धुऊन तेल लावावं, सकाळी बोटं नीट पुसून कोरडी करून जावं. अंगठाच पाहिजे असं नाही. दहाही बोटांची नोंद असते, करंगळीशेजारचं बोट सहसा कमी झिजलेलं असतं, ते लावून बघावं. दुकानात डोळ्यांनी ओळख पटवणारं यंत्र असेल तर ते वापरायला सांगावं. घरातल्या दुसऱ्या सदस्याचं नाव कार्डावर असेल तर त्याचं बोट चालतं. आणि आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्याने घ्यावेत, शक्यतो गावाहून आठ-दहा दिवसांची सुट्टी काढून परत आल्यावर, कातडी जरा भरलेली असताना.

गॅसचं थोडक्यात. पत्त्याचा पुरावा नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. उज्ज्वला योजनेत स्थलांतरित कुटुंबाला पत्त्यासाठी स्वयंघोषणा पुरते. गल्लीतल्या दुकानात किलोवर भरून मिळणारा गॅस घेऊ नका. भरताना व्हॉल्व्हचं रबर खराब होतं, गळती होते, आणि दहा बाय बाराच्या खोलीला खिडकी एकच असते.

मजूर नाक्यावर उभं राहणाऱ्यांसाठी आणखी एक कागद आहे: इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी. वय १८ ते ६०, आणि मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम. नोंदणीचं सरकारी शुल्क नाममात्र आहे. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, आजारपण, अपघाती मृत्यू यांसाठी मंडळ मदत देतं, आणि तो पैसा येतो बांधकामाच्या खर्चावरच्या एक टक्का उपकरातून. घोडबंदर रोडवर जे टॉवर उभे राहतात त्यांच्या खर्चातला हा वाटा कामगाराचाच आहे, कुणाचे उपकार नाहीत.

अडतं ते नव्वद दिवसांच्या दाखल्यावर. नाक्यावरचा माणूस आज या ठेकेदाराकडे, उद्या त्या. नव्वद दिवस एकाने दिलेले नसतात, मग सही कुणीच करत नाही आणि दलाल सही विकतो. विकतची सही तपासणीत उघडी पडली की नोंदणी जाते आणि खरं काम केलेला माणूस खोटा ठरतो. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून एक छोटी वही ठेवा: तारीख, साइट, ठेकेदाराचं नाव आणि नंबर, मिळालेली मजुरी. मजुरी फोनवर आली असेल तर तो मेसेज पुसू नका. ही वही घेऊन दोन-तीन ठेकेदारांकडून तुकड्या-तुकड्याने दाखले घ्या किंवा महापालिकेच्या संबंधित अधिकाऱ्याकडे अर्ज करा. दाखल्यावर जावक क्रमांक आणि तारीख आहे ना ते तिथेच पाहा. दर वर्षी नूतनीकरण चुकवू नका. अपघाताच्या दिवशी नोंदणी संपलेली असेल तर दावा नामंजूर होतो.

नोंदीने काय होतं हे पाहायचं असेल तर कोपरखैरणे बघा. साताऱ्याहून, सांगलीहून, जुन्नर-आंबेगावहून मुंबईच्या बाजारांत पाठीवर ओझी वाहायला आलेली माणसं. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, मजुरी मंडळामार्फत मिळायला लागली, भविष्य निर्वाह निधी आला. बाजार वाशीला हलला तशी ही कुटुंबंही इकडे आली, त्यांच्यासाठी घरं झाली, दवाखाना झाला. तीच पाठ, तेच ओझं. पण मंडळाच्या वहीत नाव होतं म्हणून पुढच्या पिढीला शहरात पाय रोवता आले. आज नाक्यावर उभा असलेला माणूस त्याच जागी आहे जिथे ते साठ वर्षांपूर्वी होते, आणि वहीत नाव नसल्याने तो तिथेच राहतो, हे मनाला लागतं.

मुलांच्या शाळेबाबत गैरसमज फार. पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी शाळा सोडल्याचा दाखला नाही, जन्मदाखला नाही किंवा वर्ष सुरू झालेलं आहे, या कारणांनी नकार देता येत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ हे स्पष्ट सांगतो. मुलाला वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे असेल तर वेगळं शिकवायचं ही शाळेची जबाबदारी आहे. आधीच्या शाळेकडून दाखला मागवण्याचं काम नवीन शाळा करू शकते. आईवडिलांनी फक्त जुन्या शाळेचं नाव, तालुका आणि शक्यतो जुन्या गुरुजींचा नंबर द्यावा. ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांच्या मराठीबरोबर हिंदी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. पहिली-दुसरीतलं परप्रांतीय मूल मराठी शाळेत घातलं तर वर्षभरात अस्खलित बोलतं. सहावी-सातवीतल्या मुलाचं माध्यम एकदम बदलू नये, ते मूल गप्प होतं आणि मग शाळा सोडतं.

आजारपणात क्षयरोगाचं तेवढं सांगतो, कारण दाटीच्या खोल्यांत तो पसरतो आणि गावी जाताना औषध तुटलं की तो चिवट होतो. उपचार चालू असलेल्याकडे निक्षय क्रमांक, म्हणजे सरकारी क्षयरोग नोंदीतला त्याचा क्रमांक, असतो. तो पाठ करा, फोनमध्ये ठेवा. गावी निघण्याआधी नागरी आरोग्य केंद्रात सांगितलं की उपचार तिकडच्या केंद्राकडे वर्ग होतात, गोळ्या तिथे मिळतात आणि पोषणाचे महिन्याचे १,००० रुपयेही चालू राहतात. बाळाचं लसीकरणाचं कार्डही असंच, ते गावच्या पेटीत नको, सोबतच हवं. लस द्यायला पत्ता लागत नाही.

मतदार यादीतलं नाव हलवायचं ते फॉर्म ८ ने; फॉर्म ६ नव्या नावासाठी असतो. इथे फॉर्म ६ भरून गावचं नाव तसंच ठेवणं हा गुन्हा आहे, आणि हे अजाणतेपणी फार घडतं. गावच्या मतात जीव गुंतलेला असतो हे खरं आहे. पण गटार तुंबतं ते दिघ्यात, आणि यादीत नाव नसलेल्या गल्लीकडे नगरसेवक पाच वर्षं फिरकत नाही. फुटपाथवर झोपणाऱ्यालाही नाव नोंदवता येतं. मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन तो तिथेच झोपतो याची खात्री करतो, कागद मागत नाही.

आणि जनगणना. ठाणे महापालिकेची लोकसंख्या २०११ ला अठरा लाखांवर होती, नवी मुंबईची अकरा लाखांवर. पाणी, शाळा, दवाखाने, रेशनचा इष्टांक, सगळं अजून त्याच आकड्यांवर चाललेलं आहे. पुढची मोजणी १ मार्च २०२७ ही तारीख धरून होते आहे. प्रगणक दिवसा येतो तेव्हा रात्रपाळीचा माणूस झोपलेला असतो आणि दिवसपाळीवाल्याच्या दाराला कुलूप असतं, म्हणून शेजारी निरोप आणि नंबर ठेवा. ‘आम्ही गावचे, आमची गणती तिकडे होईल’ असं सांगून त्याला परत पाठवू नका. त्याला कुठलाही कागद दाखवावा लागत नाही. मालकाला तिघं सांगितलेले असतील आणि खोलीत सात जण राहत असतील, तरी प्रगणकासमोर सात सांगा. ती माहिती मालकाकडे जात नाही.